बंदुकीवरची दुर्बीण आणि उसाचा फड

गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या टपालात तीन विषयांची पत्रे ठरलेली असतात: तोडणीचा क्रम, वजनकाटा आणि रानडुकरे. यंदा तिसऱ्या विषयात एक नवी मागणी आली आहे. शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेल्या काही सभासद बंधूंनी लिहिले आहे, की कारखान्याने बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी एकत्रित खरेदी कराव्यात, त्या सभासदांना हप्त्याने द्याव्यात आणि रक्कम उसाच्या बिलातून वळती करून घ्यावी. बेणे मिळते, खत मिळते, ठिबकचा संच मिळतो, मग दुर्बीण का नको? त्याबरोबर एक सरळ प्रश्नही विचारला आहे, की एकगोळी काडतूस वापरणाऱ्या बारा बोअरच्या बंदुकीला खिशाला परवडेल आणि दणका सोसून टिकेल अशी दुर्बीण कोणती?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे देणार आहोत. मागणी मात्र आम्हाला मान्य नाही. दोन्ही गोष्टींची कारणे सभासदांपुढे मांडणे हे आम्ही आमचे काम समजतो.

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की नुकसान खोटे नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. एवढ्या काळात पडलेल्या, लोळलेल्या उसात डुकरांना घरच मिळते. खायला ऊस, लपायला पाचट, प्यायला पाटाचे पाणी. एका रात्री कळप शिरला तर जेवढे खातो त्याच्या कितीतरी पट मोडून, तुडवून जातो. मोडलेला ऊस वाळतो, उतारा जातो, वजन जाते. ज्याने सोसायटीचे कर्ज काढून लागण केली त्याला सकाळी बांधावर उभे राहून ते बघताना काय वाटते, हे कचेरीत बसून कळणार नाही. तेव्हा "डुकराला गोळी घालता येईल असं काहीतरी द्या" असे कोणी म्हटले, तर त्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही.

आता बंदुकीविषयी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतीसंरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक धरलेली आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान वीस इंच नळीच्या, आतून गुळगुळीत असलेल्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. म्हणजे आपल्या सभासदांकडे जी बारा बोअर आहे ती बहुधा दुनळी, क्वचित एकनळी किंवा पंप पद्धतीची, आणि नळी आतून सपाट. रायफलीच्या नळीत पीळ असतो. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. आपल्या नळीत तो नाही. छर्रे उडवण्यासाठी केलेल्या नळीतून आपण एकच जड गोळी उडवतो. साधारण एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम शिशाची. जवळून ती जबर आहे, पण लांबवर भरवशाची नाही. चांगल्या हातात, बैठ्या नेमाने, पन्नास यार्डांपर्यंत ती कामाची. पुढे नशिबाचा भाग वाढत जातो.

मग दुर्बिणीची एवढी चर्चा आली कुठून? ती अमेरिकेतून आली. तिथल्या आयोवा, इलिनॉय, ओहायो अशा सपाट आणि दाट वस्तीच्या राज्यांत हरणाच्या शिकारीला रायफल वापरू न देता बारा बोअरची एकगोळी वापरायची, असा नियम कित्येक वर्षे होता. अलीकडे तो काही ठिकाणी सैल झाला. हेतू हा, की चुकलेली गोळी मैलोगणती जाऊ नये. त्या नियमातून तिथे एक वेगळीच बंदूक तयार झाली: बारा बोअरच, पण नळीत पीळ असलेली, तिच्यासाठी प्लास्टिकच्या खोबणीत बसवलेली बारीक गोळी, आणि नळीलाच जोडलेल्या पट्टीवर दुर्बीण. अशी बंदूक शंभर यार्डांच्या पुढेही नेम राखते, म्हणून तिला दुर्बीण शोभते. त्या बंदुकीची जाहिरात पाहून तीच दुर्बीण आपल्या दुनळीवर चढवणे म्हणजे बैलगाडीला मोटारीचे स्टिअरिंग बसवण्यासारखे आहे.

दुनळीची अडचण तर आणखी वेगळी आहे. तिच्या दोन नळ्या एकमेकींना अगदी समांतर नसतात. ठरावीक अंतरावर दोन्हींचा मारा एका जागी यावा अशा बेताने त्या जोडलेल्या असतात, आणि तो बेत छऱ्यांसाठी असतो. एकगोळी घातली की उजवी नळी एकीकडे मारते, डावी दुसरीकडे. दुर्बीण मात्र एकच. ती एका नळीला जुळवली की दुसरी नळी खोटी पडते. शिवाय दुनळीवर दुर्बीण बसवायला सपाट जागा नाही. त्यासाठी भोके पाडावी लागतात आणि ते काम परवानाधारक कारागिरानेच करायचे असते. बरेचदा एक नळी तोंडाशी आवळलेली असते. तिच्यातून नळीच्या मापाची टणक गोळी उडवली तर नळी फाटण्याचा धोका आहे. काडतुसावर काय लिहिले आहे हे वाचल्याशिवाय आणि आपली नळी कशी आहे हे कारागिराला विचारल्याशिवाय एकगोळी वापरू नये.

म्हणून दुनळीवाल्या सभासदांना आमचे उत्तर एका ओळीत आहे: दुर्बीण घेऊ नका. त्याऐवजी पुढच्या माशीला जोड म्हणून मागे एक खाच बसवून मिळते का, ते कारागिराला विचारा. नुसत्या माशीवर नेम धरताना गाल दस्त्यावर जरा वर-खाली झाला की गोळी फूटभर हलते. मागे खाच असली की डोळा दरवेळी एकाच जागी येतो. यात काच नाही, सेल नाही, धुके धरायचा प्रश्न नाही. याहून स्वस्त आणि टिकाऊ दुसरे काही नाही.

ज्यांची एकनळी किंवा पंपाची बंदूक आहे आणि दुर्बीण घ्यायचीच आहे, त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, मोठेपण. दुकानदार तीन ते नऊपटीची पुढे करतो, कारण तीच जास्त खपते. आपल्याला ती नको. शंभर यार्डांवर नऊपटीत साधारण बारा फुटांचा पट्टा दिसतो. आपला मारा पंचवीस-तीस यार्डांवर. तिथे तो पट्टा तीन फुटांवर येतो. डुकराचा अर्धा देह दिसेल, पण तोंड कुणीकडे आणि पाठीमागे काय, हे कळणार नाही. दोन ते सातपट, एक ते चारपट किंवा कायम चारपट यापैकी कोणतीही पुरे. सातपटीची असेल तर ती नेहमी दोनवर ठेवावी.

दुसरी गोष्ट, उजेड. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्याशी येणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाचे माप मिळते. ३२ मिलिमीटरच्या भिंगाला चारपट असेल तर ८ मिलिमीटर, नऊपट केली तर साडेतीन. तरुण माणसाची बाहुली अंधारात सातेक मिलिमीटर उघडते, वयस्कर माणसाची पाचच्या आसपास. म्हणजे कमी पटीची साधी दुर्बीणही आपल्या डोळ्याला पुरेल तेवढा उजेड देते. पन्नास मिलिमीटरचे मोठे भिंग घेऊन वजन आणि किंमत वाढवण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट, डोळ्याचे अंतर. पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा काचेपासून किती लांब ठेवावा लागतो ते पाहावे. ते साडेतीन इंचांपेक्षा कमी असेल तर ती दुर्बीण कितीही स्वस्त असो, दुकानातच ठेवावी. बारा बोअरच्या एकगोळीचा दणका बऱ्याच मोठ्या रायफलींपेक्षा जास्त असतो. दुर्बिणीची कड भुवईवर बसली की टाका घालायलाच जावे लागते. छऱ्याच्या हवाई बंदुकीसाठी किंवा पॉइंट बावीसच्या रायफलीसाठी केलेली दुर्बीण म्हणूनच इथे चालत नाही. तिच्यातील भिंगे आणि फुली हा दणका फार दिवस सोसत नाहीत.

चौथी गोष्ट, अंतराचे जुळवणे. रायफलीच्या दुर्बिणी बहुतेक शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. बारा बोअरसाठी म्हणून केलेल्या पन्नास-पंचाहत्तर यार्डांसाठी असतात. डोळा मध्यावरून थोडा सरकला तरी फुली निशाणावरून सरकू नये, यासाठी हे लागते. खोक्यावर ते लिहिलेले असते, विचारून घ्यावे.

पाचवी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, पकड. दुर्बीण बंदुकीला ज्या पट्टीने आणि कड्यांनी धरली जाते, तिथे लोक पैसे वाचवतात. महागडी दुर्बीण आणि पत्र्याच्या कड्या, हा व्यवहार उलटा आहे. साधी दुर्बीण आणि भक्कम पकड, हा सुलटा. पंपाच्या बंदुकीची नळी साफसफाईला काढली की परत बसवताना केसभर फरक पडतो. म्हणून दर वेळी नेम पुन्हा तपासावा लागतो.

लाल ठिपक्याची, मोठे न दाखवणारी दुर्बीणही अलीकडे मिळते. पन्नास यार्डांच्या आत तीही चांगली. डोळा मागे-पुढे झाला तरी चालतो. सेल मात्र आठवणीने बदलावा लागतो.

घेतल्यावर परीक्षा करावी. ती रानात नव्हे, रायफल क्लबच्या अधिकृत मैदानावर. आधी पंचवीस यार्डांवर कागद लावून टेकून तीन गोळ्या माराव्यात. दुर्बिणीच्या चाकाची एक टिचकी साधारणपणे शंभर यार्डांवर पाव इंच हलवते. पंचवीसवर ती इंचाचा सोळावा भागच हलवते. म्हणजे तिथे दोन इंच चूक असेल तर बत्तीस टिचक्या लागतात. हे माहीत नसल्यामुळे पुष्कळजण चार टिचक्या देतात आणि "दुर्बीण खराब आहे" म्हणतात. नेम जुळला की आणखी दहा गोळ्या माराव्यात आणि मग पुन्हा तीन कागदावर. पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन एकाच जागी आल्या तर दुर्बीण टिकाऊ. सरकल्या तर आधी कड्यांचे स्क्रू पाहावेत, मग दुकान गाठावे. फ्रिजमध्ये तासभर ठेवून बाहेर काढल्यावर काचेवर बाहेरून दव आले तर हरकत नाही. आतून आले तर ती पावसाळा काढणार नाही.

एवढे सांगितल्यावर कोणीही विचारील, "मग कारखान्याने हीच घेऊन द्यायला काय हरकत?" आता त्याकडे येऊ.

गेल्या हंगामातील गोष्ट आहे. आमच्या परिचयाचे एक सभासद पहाटे बांधावर बंदूक घेऊन बसले होते. माणूस सावध, बंदूक वडिलांच्या वेळेपासून घरात. उसाच्या कडेला काळे काहीतरी हलले. त्यांनी दस्ता खांद्याला लावला, दुर्बिणीत पाहिले. काळी पाठ, खाली वाकलेली. बोट चापावर गेले. तेवढ्यात ती पाठ खोकली. तोडणी टोळीतली एक बाई होती, काळे कांबळे पांघरून उजाडायच्या आत आडोशाला आलेली. त्या गृहस्थांनी बंदूक खाली ठेवली आणि, त्यांच्याच शब्दांत, "हातपाय असे थरथरत होते की तासभर उठताच आलं नाही." दुर्बीण चांगली होती, नेमही बरोबर होता, आणि नेमका तोच घोटाळा होता.

दुर्बीण नेम देते, ओळख देत नाही. उलट, जे ओळखायचे आहे त्याच्यावर आधी बंदूक रोखायला लावते. कोण आहे हे पाहण्यासाठी नळी त्याच्या छातीवर धरायची, ही रीतच चुकीची आहे. म्हणून आम्ही सांगतो, पैसे खर्चायचेच असतील तर आधी गळ्यात अडकवायची साधी सात-आठ पटीची दुर्बीण घ्यावी. आधी तिने ओळखावे, मागे काय आहे ते पाहावे, आणि मगच बंदुकीला हात लावावा. संशय असेल तर त्या दिवशी डुक्कर गेले तर जाऊ द्यावे.

आपल्या कार्यक्षेत्रात हंगामात उसाचे रान ओस नसते. टोळ्यांच्या कोप्या फडाच्या शेजारी असतात, त्यांत तान्ही मुले झोपलेली असतात. पहाटे चारलाच कोयते सुरू होतात. रात्रीच्या लाइटीवर पाणी धरणारा शेतकरी दाऱ्यावर वाकलेला असतो. वाट चुकलेला बिबट्या असतो, त्याची पिल्ले उसातच जन्मतात, आणि तो मारला तर कायदा आणखी कडक. एकगोळी डुकराला चुकली तर ती बांधावर थांबत नाही. सपाट रानात अर्धा मैल जाऊ शकते. ऊस तिला अडवत नाही. उसाच्या पलीकडे कोण आहे हे जगातली कोणतीही दुर्बीण दाखवत नाही.

फडाचा शेवटचा चौकोन तोडताना तर विशेष भीती. सगळी जनावरे त्यात दाटतात आणि एकदम बाहेर फुटतात. चहूबाजूंनी माणसे उभी असतात. अशा ठिकाणी बंदूक आणणाऱ्याने ती कितीही भारी दुर्बिणीची असो, परत घरी न्यावी. तोडणी चालू असलेल्या फडावर बंदूक नको, असा नियम कारखान्याने टोळीच्या करारात आणि सभासदांच्या सूचनापत्रात घालावा, अशी आमची सूचना आहे.

कायद्याची बाजूही सांगून ठेवतो. शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना हा डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि तिच्यानंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारणे देऊन मारण्याची परवानगी देऊ शकतो. लेखी कागद हातात नसताना मारले तर तो गुन्हा. परवानगीने मारलेले जनावरही सरकारचे, वाटून खाण्याचे नाही. तारेत वीज सोडणे आणि पिठाच्या गोळ्यात स्फोटक घालून ठेवणे याविषयी तर बोलायलाच नको. त्यात डुकरापेक्षा माणसे आणि गुरे जास्त सापडतात.

तेव्हा कारखान्याने काय करावे? दुर्बिणी वाटू नयेत. ज्याच्या त्याच्या हातात लांबचा नेम देऊन तो सभासदाच्या बिलातून वसूल करणे, हे सहकाराचे काम नाही. सहकाराने जे एकट्याला जमत नाही ते करावे. शेतकी खात्याने डुकरांनी मोडलेल्या प्लॉटची नोंद गट ऑफिसात घ्यावी आणि त्याची तोड क्रम मोडूनही आधी द्यावी. वाळणारा ऊस आठवडाभर आधी काट्यावर आला तर सभासदाचे जितके वाचेल तितके दहा दुर्बिणींनी वाचणार नाही. एका शिवारातील अर्ज एकत्र करून कारखान्याने ते वन खात्याकडे न्यावेत. नुकसान दिसताच पंचनाम्यासाठी कळवायला चिटबॉयने मदत करावी. परवानगी मिळालीच, तर शिवारातील एक-दोन जाणत्या, सरावाच्या माणसांनी, दिवसाउजेडी, उंच माळ्यावरून, गोळी मातीत जाईल अशा बेताने काम करावे. आदल्या दिवशी टोळीच्या मुकादमाला, शेजारच्या बांधाला आणि पाणी धरणाऱ्याला निरोप गेलेला असावा. त्या एक-दोघांच्या बंदुकीला चांगली दुर्बीण, भक्कम पकड आणि सरावाची काडतुसे यांचा खर्च शिवाराने वाटून घेतला, तर आम्ही त्याला आनंदाने पाठिंबा देऊ. एकत्रित खरेदी ती हीच.

काही सभासदांना हे लेखन पुळचट वाटेल, हे आम्ही जाणतो. "तुमचा ऊस खाल्ला असता म्हणजे कळलं असतं" असेही कोणी म्हणेल. आमचाही खाल्ला आहे. खोडव्याचा अर्धा प्लॉट गेला, तेव्हा आम्हीही रात्रभर जागलो आहोत. पण उसाला पुढच्या वर्षी फुटवा येतो. त्या पहाटे खोकणारी बाई खोकली नसती, तर त्या सभासदाच्या घरात आणि तिच्या घरात काय उरले असते, याचा विचार दुर्बीण मागण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा करावा, एवढीच आमची विनंती आहे.